स्थूलता आणि वजन घटविणाऱ्या शस्त्रक्रियेनंतरचे जीवन : अनुभव व विज्ञान यांचा एकत्रित विचार

प्रस्तावना

स्थूलता हा विषय आपल्याकडे दीर्घकाळ विनोदाचा किंवा उपदेशाचा राहिला आहे. 'खात्यापित्या घरचा' असे म्हणून एकीकडे कौतुक होते. दुसरीकडे शाळेच्या पहिल्या इयत्तेपासून 'ढोल्या', 'जाडी' अशी नावे ठेवली जातात. या दोन्ही प्रतिक्रियांमागे एकच समजूत असते, ती म्हणजे वजन हे सर्वस्वी व्यक्तीच्या इच्छेवर अवलंबून असते. याच समजुतीतून वजन घटविणाऱ्या शस्त्रक्रियेकडे 'सोपा मार्ग' म्हणून पाहिले जाते. ज्याला खाण्यावर ताबा ठेवता आला नाही त्याने पैसे मोजून सुटका करून घेतली, असा या शेऱ्याचा आशय असतो.

प्रस्तुत लेखात या समजुतीची तपासणी करण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी दोन प्रकारच्या साधनांचा आधार घेतला आहे. पहिले साधन म्हणजे स्थूलतेचा व शस्त्रक्रियेचा अनुभव स्वतः शब्दबद्ध करणाऱ्या व्यक्तींचे लेखन आणि दुसरे म्हणजे गेल्या काही दशकांतील वैद्यकीय संशोधन. अनुभव आणि आकडे परस्परांच्या शेजारी ठेवल्यास या विषयाचे खरे स्वरूप स्पष्ट होते.

स्थूलतेची संकल्पना व मोजमाप

स्थूलतेचे मोजमाप सामान्यतः शरीर वस्तुमान निर्देशांकाने केले जाते. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता हा निर्देशांक मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार २५ पासून अतिवजन व ३० पासून स्थूलता मानली जाते. भारतीयांसाठी मात्र २००९ मध्ये तज्ज्ञांनी एकमताने हे निकष अनुक्रमे २३ व २५ असे खाली आणले.

असे का करावे लागले, याचे उत्तर पुण्यातील संशोधनात सापडते. डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले. दोघांचाही निर्देशांक २२.३ होता, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात ते २१.२ टक्के होते. वरकरणी सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबी अधिक असू शकते, ही बाब या एका उदाहरणाने जगासमोर आली. वजनकाट्यावरील आकडा हा आरोग्याचा संपूर्ण पुरावा नव्हे, हेही त्यातून सिद्ध होते. २०२५ च्या प्रारंभी एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ आयोगानेही केवळ निर्देशांकावरून निदान न करता अवयवांच्या कार्यावर झालेला परिणाम पाहावा, अशी शिफारस केली आहे.

प्रश्नाची व्याप्ती भारतातही वाढत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २५ किंवा त्याहून अधिक निर्देशांक असलेल्या स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २०.६ टक्के होते. ते २०१९-२१ मध्ये २४ टक्के झाले. पुरुषांमध्ये ते १८.९ वरून २२.९ टक्क्यांवर गेले.

अनुभवाची बाजू

आकडेवारीतून जे दिसत नाही ते आत्मकथनातून दिसते. या दृष्टीने अमेरिकन लेखिका व प्राध्यापिका रोक्झन गे यांचे २०१७ मध्ये प्रकाशित झालेले 'हंगर' हे आत्मकथन महत्त्वाचे आहे. हैतीहून अमेरिकेत आलेल्या सुस्थित कुटुंबात वाढलेल्या गे यांच्यावर वयाच्या बाराव्या वर्षी सामूहिक अत्याचार झाला. ही गोष्ट त्यांनी घरी सांगितली नाही. शरीर मोठे झाले की ते सुरक्षित होईल, कोणाची नजर त्यावर पडणार नाही, या भावनेने त्या खात गेल्या. त्यांचे सर्वाधिक वजन ५७७ पौंड, म्हणजे सुमारे २६२ किलो झाले. येथे अन्न ही चैन नव्हती, ती तटबंदी होती. पुढे ही तटबंदीच तुरुंग कशी बनली, याचे वर्णन हा त्या पुस्तकाचा गाभा होय.

गे यांनी नोंदविलेले दैनंदिन प्रसंग साधे आहेत आणि म्हणूनच बोलके आहेत. हात असलेल्या खुर्च्यांमुळे मांड्यांवर वळ उठतात, म्हणून उपाहारगृहात जाण्यापूर्वी तेथील खुर्च्यांची छायाचित्रे शोधून पाहावी लागतात. घसा दुखतो म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर कागदावर पहिले निदान स्थूलतेचे लिहिले जाते व घशाचा संसर्ग दुसऱ्या क्रमांकावर जातो. दुकानात अनोळखी माणसे त्यांच्या टोपलीतील पदार्थ काढून ठेवतात. एका साहित्यिक कार्यक्रमात व्यासपीठाला पायऱ्या नव्हत्या. कसेबसे वर चढून बसल्यावर खुर्ची कडाडली. तेव्हा खुर्ची मोडू नये म्हणून त्यांनी सुमारे दोन तास आपला भार पायांवर तोलून धरला आणि चर्चेत भाग घेतला. सभागृहातील श्रोत्यांना त्यातील काहीच कळले नसावे. स्थूल व्यक्तीचे पुष्कळसे श्रम असे अदृश्य असतात.

शरीर वजनाचे रक्षण कसे करते

'कमी खा, जास्त चाला' हा सल्ला अयोग्य नाही. तो अपुरा आहे. त्याची कारणे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

पहिले कारण आनुवंशिकतेचे आहे. अल्बर्ट स्टंकर्ड व सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये डेन्मार्कमधील ५४० दत्तक व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. दत्तक व्यक्तींचे प्रौढपणीचे वजन जन्मदात्या आईवडिलांशी जुळत होते. वाढविणाऱ्या आईवडिलांशी ते जुळत नव्हते. अर्थात परिस्थितीचा भाग नाकारता येत नाही. एकाच परिस्थितीत प्रत्येकाचे शरीर निराळ्या रीतीने वागते, एवढाच याचा अर्थ होय.

दुसरे कारण उपासमारीला शरीर जो प्रतिसाद देते त्यात आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीझ यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. ते सर्व स्वेच्छेने आलेले, निश्चयी व सुदृढ होते. तरीही अन्नाच्या विचाराने त्यांचे मन व्यापून टाकले, स्वभाव चिडचिडा झाला व शरीराने ऊर्जेचा व्यय कमी केला. भुकेपुढे निश्चयाचे बळ किती टिकते, याचा हा पुरावा होय.

तिसरे कारण संप्रेरकांचे आहे. चरबीच्या पेशींतून स्रवणाऱ्या लेप्टिनचा शोध १९९४ मध्ये व प्रामुख्याने जठरातून स्रवणाऱ्या, भूक चाळविणाऱ्या घ्रेलिनचा शोध १९९९ मध्ये लागला. वजन घटले की लेप्टिन कमी होते व घ्रेलिन वाढते. ऑस्ट्रेलियातील एका संशोधनात, जे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले, आहारनियंत्रणाने वजन घटविलेल्या व्यक्तींमध्ये एक वर्षानंतरही हे बदल कायम असल्याचे आढळले. म्हणजे वजन उतरविलेली व्यक्ती पूर्वीपेक्षा अधिक भुकेली असते. ज्याला आपण 'पुन्हा सुटला' असे सहज म्हणतो, तो प्रत्यक्षात शरीराच्या संरक्षक यंत्रणेशी हरलेला असतो.

शस्त्रक्रियेचे स्वरूप

या शस्त्रक्रियांचा इतिहास १९५० च्या दशकापासूनचा आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये जठराला वळसा देणारी शस्त्रक्रिया केली व पुढील पद्धतींचा पाया घातला. १९९० च्या दशकात दुर्बिणीद्वारे लहान छिद्रांतून शस्त्रक्रिया होऊ लागल्यावर तिचा प्रसार वाढला. आज मुख्यतः दोन पद्धती प्रचलित आहेत. पहिलीत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश ते ऐंशी टक्के भाग काढून टाकून त्याची अरुंद नळी केली जाते. दुसरीत जठराच्या वरच्या टोकाशी एक लहानशी पिशवी तयार करून ती लहान आतड्याच्या पुढील भागाला जोडली जाते.

पोट लहान झाल्याने माणूस कमी खातो, हे स्पष्टीकरण अर्धवट आहे. जठराचा वरचा भाग काढल्याने घ्रेलिनची निर्मिती घटते. अन्न आतड्यात लवकर पोहोचल्याने तृप्तीची जाणीव देणारी संप्रेरके अधिक प्रमाणात स्रवतात. म्हणून अनेक मधुमेही रुग्णांची रक्तशर्करा वजन फारसे उतरण्यापूर्वीच सुधारू लागते. थोडक्यात, शस्त्रक्रिया इच्छाशक्तीची जागा घेत नाही. इच्छाशक्तीविरुद्ध लढणारी यंत्रणा ती काही अंशी शांत करते.

परिणामांविषयी स्वीडनमधील अभ्यास सर्वांत प्रदीर्घ म्हणावा लागेल. १९८७ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या व न झालेल्या सुमारे दोन-दोन हजार व्यक्तींची दीर्घकाळ नोंद ठेवण्यात आली. जठराला वळसा दिलेल्या व्यक्तींचे वजन दहा वर्षांनंतरही मूळ वजनापेक्षा सरासरी २५ टक्क्यांनी कमी होते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रिया झालेल्यांचे अपेक्षित आयुर्मान न झालेल्यांपेक्षा तीन वर्षांनी अधिक, परंतु सर्वसामान्य लोकसंख्येपेक्षा साडेपाच वर्षांनी कमी होते. लाभ निश्चित आहे. पूर्ण परतफेड नाही.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले वर्ष

शस्त्रक्रियेनंतर प्रथम केवळ द्रवपदार्थ, नंतर घोटलेले, त्यानंतर मऊ अन्न अशा क्रमाने काही आठवड्यांनी नेहमीचा आहार सुरू होतो. काही घासांतच पोट भरते. जेवताना पाणी पिता येत नाही. ते आधी किंवा अर्ध्या तासाने घोट घोट घ्यावे लागते. दररोज किमान साठ ग्रॅम प्रथिने पोटात जावीत असा दंडक असतो. घाईने खाल्ले किंवा नीट चावले नाही तर उलटी होते. विशेषतः वळसा दिलेल्या जठरात गोड पदार्थ वेगाने आतड्यात उतरतात, तेव्हा घाम, धडधड, पोटात कळ व गळाठा असा त्रास होतो.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. ते बहुधा पुन्हा येतात. लोह, कॅल्शियम, ब-१२ व ड ही जीवनसत्त्वे आयुष्यभर घ्यावी लागतात व रक्ततपासणी चुकवून चालत नाही. सतत उलट्या झाल्यास ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाने मेंदूला इजा होऊ शकते, म्हणून त्याकडे दुर्लक्ष करणे घातक ठरते. वेगाने वजन घटल्याने पित्ताशयात खडे होण्याचा संभव असतो. स्त्रियांना बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळण्यास सांगितले जाते. ताणलेली कातडी लोंबते, तिच्या घड्यांत चट्टे उठतात. 'सोपा मार्ग' म्हणणाऱ्यांनी ही यादी एकदा नजरेखालून घालावी, असे वाटते.

मन, नाती आणि समाज

शस्त्रक्रिया जठरावर होते, मनावर होत नाही. रोक्झन गे यांनी तरुणपणी वडिलांसह अशा शस्त्रक्रियेच्या माहितीसत्राला हजेरी लावली होती व तेव्हा ती करून न घेण्याचे ठरविले होते. पुढे जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी ती करून घेतली आणि त्याच वर्षी त्याविषयी एक प्रांजळ निबंध लिहिला. स्थूल शरीराचा सन्मान व्हावा या भूमिकेशी आपण द्रोह केला असे लोकांना वाटेल, ही धास्ती त्यांनी त्यात व्यक्त केली. ज्या अन्नाने इतकी वर्षे आधार दिला तोच आधार सुटल्यावर, अन्नाने न भागणाऱ्या मूळच्या भुकेला सामोरे जावे लागते, हा त्यांच्या अनुभवाचा आशय आहे.

अमेरिकेतील दूरचित्रवाणीवरील हवामान निवेदक अल रोकर यांचा अनुभव दुसरी बाजू दाखवितो. मृत्युशय्येवरील वडिलांना दिलेल्या शब्दाखातर त्यांनी २००२ मध्ये शस्त्रक्रिया करून घेतली. सुरुवातीस ती गुप्त ठेवली. वजन शंभर पौंडांहून अधिक उतरले. पण काही वर्षांनी आईच्या आजारपणाच्या काळात त्यातील सुमारे चाळीस पौंड परत आले. आहार व व्यायाम यांची घडी नव्याने बसवून त्यांनी ते पुन्हा उतरविले व २०१२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. वजन परत येण्याचे निमित्त जिभेचे नव्हते, दुःखाचे होते, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

संशोधनही याच दिशेने बोट दाखविते. अमेरिकेतील युटा राज्यात झालेल्या व २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये एकूण मृत्युदर ४० टक्क्यांनी व मधुमेहाने होणारे मृत्यू ९२ टक्क्यांनी कमी आढळले. परंतु अपघात व आत्महत्या यांसारख्या, आजाराशी संबंध नसलेल्या कारणांनी होणारे मृत्यू ५८ टक्क्यांनी अधिक होते. मद्याचा अंमल लवकर व तीव्रतेने चढत असल्याने व्यसनाचा धोका दुसऱ्या वर्षापासून वाढतो, असे २०१२ मधील अभ्यासात दिसून आले. स्वीडनमधील २०१८ च्या अभ्यासानुसार अविवाहित व्यक्तींची नवी नाती जुळण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर वाढते, तसेच असलेली नाती तुटण्याचे प्रमाणही वाढते. शरीर बदलले की घरातील भूमिका बदलतात आणि प्रत्येक नात्याला तो बदल पेलतोच असे नाही.

भारतीय संदर्भ

आपल्याकडे या अनुभवाला काही निराळे पदर आहेत. पंगतीत आग्रह करून वाढणे हा आपला शिष्टाचार आहे आणि ताटात अन्न टाकू नये हा संस्कार आहे. चार घासांनी पोट भरणाऱ्या व्यक्तीला लग्नसमारंभात, सणावारी, सासरी-माहेरी दोन्हीकडे अपराधी वाटू लागते. 'एवढ्याने काय होतंय, अजून एक घे' हा प्रेमाचा शब्द तिच्यासाठी संकट ठरतो. वजन वेगाने उतरले की 'किती वाळलीस, काही दुखणं आहे का?' अशी विचारपूस होते. शाकाहारी व्यक्तीला पुरेशी प्रथिने मिळविण्यासाठी डाळी, दूध, दही, पनीर, सोयाबीन यांचे नियोजन करावे लागते. उपवासाची साबुदाणा खिचडी किंवा बटाटा या दृष्टीने निरुपयोगी होय.

खर्चाचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये प्रमाणित केलेल्या अटींनुसार, वैद्यकीय सल्ल्याने शस्त्रक्रिया झाली असेल, वय १८ किंवा अधिक असेल आणि निर्देशांक किमान ४०, अथवा गंभीर सहव्याधींसह किमान ३५ असेल, तर स्थूलतेवरील उपचार अपवर्जनातून वगळले जातात. भारतीय शरीरात मधुमेह त्याहून कमी निर्देशांकावरच गाठतो, हे याज्ञिकांच्या उदाहरणावरून स्पष्ट आहे. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय शल्यचिकित्सक संघटनांनी आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेचा विचार २७.५ पासून करावा असे सुचविले. वैद्यकीय निकष व विम्याची अट यांतील हे अंतर अनेकांना उपचारापासून दूर ठेवते.

सेमाग्लुटाइड व तिर्झेपाटाइड ही इंजेक्शने भारतात आल्यापासून शस्त्रक्रियेची गरज संपली, असेही बोलले जाते. मात्र सेमाग्लुटाइड थांबविल्यावर एका वर्षात, उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत येतो, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. औषध असो वा शस्त्रक्रिया, स्थूलता ही दीर्घकालीन व्याधी आहे व तिची निगा आयुष्यभराची आहे, हाच निष्कर्ष पुन्हा समोर येतो.

शैक्षणिक संस्थांची जबाबदारी

महाविद्यालयात येणारा विद्यार्थी अठराव्या वर्षापर्यंत शरीरावरून पुष्कळ ऐकून आलेला असतो. त्याला बसता येईल असे बाक वर्गात आहे काय, शारीरिक शिक्षणाच्या तासाला सर्वांसमोर वजन घेऊन ते मोठ्याने वाचले जाते काय, स्नेहसंमेलनाच्या नाटिकेत त्याच्या वाट्याला केवळ हशा मिळविणारे पात्र येते काय, हे प्रश्न लहान वाटले तरी त्यांची उत्तरे प्राध्यापकांच्या हाती आहेत. शस्त्रक्रिया झालेल्या सहकाऱ्याला वा विद्यार्थ्याला थोड्या थोड्या वेळाने खाण्याची व पाणी पिण्याची मुभा देणे, परीक्षागृहातही ती सोय ठेवणे, ही खर्चाची बाब नव्हे. वजनाविषयी त्याने स्वतः विषय काढल्याखेरीज न बोलणे, मग ते कौतुक का असेना, हेही सौजन्यच होय. वर्गात एकाएकी गप्प झालेल्या, सतत खाणाऱ्या किंवा खाणेच सोडलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत शिस्तीपेक्षा समुपदेशनाची गरज असू शकते. गे यांच्या मौनाकडे बाराव्या वर्षी कोणी लक्ष दिले असते तर, हा प्रश्न प्रत्येक शिक्षकाने स्वतःला विचारण्यासारखा आहे.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. स्थूलता हा चारित्र्याचा दोष नसून आनुवंशिकता, संप्रेरके, परिस्थिती व काही वेळा मानसिक आघात यांच्या संयोगातून निर्माण होणारी अवस्था आहे. शस्त्रक्रिया हा तिच्यावरील परिणामकारक उपचार आहे. तथापि तो शेवट नसून एका नव्या, शिस्तबद्ध जीवनाचा आरंभ आहे. त्या जीवनात आहारतज्ज्ञ व शल्यचिकित्सक यांच्याइतकीच मानसोपचारतज्ज्ञाची व समजूतदार कुटुंबाची गरज असते. अखेरीस, स्थूल व्यक्तीला लागणाऱ्या श्रमांपैकी बराच वाटा तिच्या वजनाचा नसून भोवतालच्या नजरांचा असतो. वजनाचा भाग वैद्यक कमी करू शकेल. नजरांचा भाग कमी करणे हे शिक्षणाचे काम आहे.